अक्तीच्या आधीचा आंबा

(रायपूर, पुरानी बस्ती. अक्तीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवसाची दुपार. घराला आतून कडी आहे आणि बाहेरून कोणी दार ठोकतं आहे.)

अनिमेष : आई, कडी काढ. ती आत आहे, मला माहीत आहे. ऑटोवाल्यानं सांगितलं.

सत्यभामा : काढते ना बापा. कोपरापर्यंत कैरी लागली आहे, हात तर पुसू दे.

अनिमेष : मी तोडून टाकीन हं दार.

सत्यभामा : लाथ मारणं बंद कर पहिले. या दारानं लई लाथा पाहिल्या आहेत. तुझ्या पायाची याले काही नवलाई नाही.

अनिमेष : पूरा पारा, सारा मोहल्ला बघून राहिला इथं.

सत्यभामा : बघू दे. लाथा मारणाऱ्याले लाज नाही, बघणाऱ्याले कायची आली. घे, उघडलं. चपला तिथंच काढ आन् बस. एवढ्या उन्हात तेलीबांध्याहून आला, डोकं तापलं असंल. कूलरले कालच खसाच्या नवीन ताट्या लावल्या मी, वास पाह्य कसा सुटला आहे. पन्हं देते.

अनिमेष : पन्हं नको मला. राधिका कुठे आहे?

सत्यभामा : तुझ्यासमोर तर बसली आहे, कैरीच्या फोडी पुसून राहिली. उन्हातून आत आलं की अंधारी येते. दिसंल आता.

अनिमेष : चल राधिका. पोरीला उठव, मीनलला. घरी चल.

सत्यभामा : तिकडून नको बोलू. उजव्या बाजूनं ये. डाव्या कानानं तिले ऐकू येऊन नाही राहिलं.

अनिमेष : नाटक आहे सगळं.

राधिका : पडदा फाटला म्हणाले डॉक्टर. सकाळी आई घेऊन गेल्या होत्या आमापाऱ्यातल्या दवाखान्यात. चिठ्ठीवर लिहून दिलं आहे.

अनिमेष : काय लिहून दिलं?

राधिका : मी सांगितलं तेच. नवऱ्यानं पितळी लोटा मारला.

अनिमेष : तूने डॉक्टर को बोल दिया? मी मंत्रालयात काम करतो, अर्धं रायपूर मला ओळखते, आणि तू जाऊन हे लिहून घेतलं? आई, तू उभी होती ना तिथं? तू काही बोलली नाही?

सत्यभामा : बोलली ना. डॉक्टर घाईघाईनं लिहून राहिला होता, मी म्हटलं, जरा साफ अक्षरात लिहा.

अनिमेष : कमाल आहे. सासू असून.

सत्यभामा : सासू आहे म्हणूनच ती इथं आली. मी पण विचारलं तिले सकाळी. सहा वाजता दारात उभी, पोट्टी कडेवर, कानातून रक्त वाळलेलं. म्हटलं, तुले नागपूरची गाडी धराची सोडून इथं काहून आली?

राधिका : नागपूरला गेली असती तर आई-बाबा म्हणाले असते, गरमीचे दिवस आहेत, चिडले असतील जावई. चार दिवस आमरस खाऊ घालून परत आणून सोडलं असतं. मागच्या पावसाळ्यात खांदा निखळला तेव्हा तसंच केलं होतं त्यांनी.

अनिमेष : खांदा तू पडली म्हणून निखळला.

राधिका : हो. मी पडली. तुम्ही ढकललं तेव्हा.

अनिमेष : आई, तो कैरी फोडायचा सरोता बंद कर आधी. खट् खट् खट्, डोकं फुटून राहिलं माझं.

सत्यभामा : दहा किलो कैरी आहे. चिरून ठेवली नाही तर उद्या पिवळी पडते, लोणच्यात मऊ होते. तू बोल, मी ऐकून राहिली. हात बोलत नाही माझे.

अनिमेष : तिनं काय केलं ते सांगितलं का तुला? की फक्त लोटाच सांगितला?

सत्यभामा : सांगितलं. आंबा खाल्ला.

अनिमेष : आंबा खाल्ला. इतक्या आरामात म्हणून राहिली तू? बाबांच्या घागरीवरचा आंबा होता तो. गोल बाजारात तासभर फिरून चार बैंगनफल्ली निवडून आणले मी. एकाला डाग नाही, देठ सगळ्यांचे शाबूत. देवाजवळ ठेवले. तिला दहा वेळा सांगितलं, अक्तीला इथं येऊन बाबांची घागर भरायची, त्यावर आंबा ठेवायचा, त्यांना पोचला की मग आपण खायचा. आपल्या घरात अक्तीच्या आधी कोणी आंब्याला तोंड लावत नाही. दोन दिवस होते मध्ये. सिर्फ दो दिन.

राधिका : लाईट गेली होती. कूलर बंद. दुपारचे तीन, आणि घरभर त्या आंब्यांचा वास. मी देवाजवळून एक उचलला आणि बाल्कनीत उभी राहून खाल्ला. खाली तलावाचं पाणी चमकत होतं, कोपरापर्यंत रस ओघळत होता. मला फार बरं वाटलं, आई. लग्नाला आठ वर्षं झाली, इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. खोटं कशाला बोलू.

अनिमेष : ऐकलं? शरम नाही तिला.

राधिका : मग हे आले. कोय सिंकमध्ये होती, ती बघितली. काही बोलले नाहीत. आधी लोटा भरून पाणी प्यायले. मला वाटलं, गेलं टळून. पाणी संपलं आणि तोच लोटा लागला.

अनिमेष : गुस्सा आ गया. आला राग. माणूस आहे मी. उन्हाचं ऑफिसमधून यायचं आणि घरी हे बघायचं? बाबांवर गेलो आहे मी, सगळेच म्हणतात. तोंडानं कडक, पण दिल साफ.

सत्यभामा : कोण म्हणते?

अनिमेष : सगळे. विजयाआत्या म्हणते, नीलकंठकाका म्हणतात. तू सुद्धा.

सत्यभामा : मी कवा म्हटलं?

अनिमेष : तू कधी नाही म्हटलं नाही. तेच झालं. आई, तुला आठवते का ते उन्हाळे? मी तर डोळे बंद केले की इथंच येतो. संध्याकाळी तू गच्चीवर बादल्या बादल्या पाणी मारायची, वाफ निघायची, मग गाद्या टाकायची. बाबा महानदीच्या रेतीतलं टरबूज आणायचे, इतकं मोठं, ते माठाखाली ओल्या फडक्यात ठेवायचे. गच्चीवर पडल्या पडल्या बाबा गाड्यांचे नंबर सांगायचे, शिटी ऐकून. आणि गोळा. संध्याकाळ झाली की खिशातून चार आणे काढायचे, जा बेटा, बूढा तालाबवर जाऊन गोळा खाऊन ये, आरामात ये. लाल, हिरवा, वरून काला-खट्टा. कोणाच्या बापानं इतके लाड केले असतील? त्या माणसासाठी वर्षातून एक आंबा. बस एक. तो पण हिनं ठेवला नाही.

सत्यभामा : जेवला का तू दुपारी?

अनिमेष : विषय नको बदलू. तू स्वतः बाबांसाठी आंबा सोडला ना? पंचवीस वर्षं झाली. दर अक्तीला घागर मी भरतो, आंबा मी ठेवतो, आणि तू फोड तोंडात घालत नाही. मी लोकांना सांगतो, माझी आई अशी आहे. हिला पण सांगितलं होतं लग्न झाल्यावर. विचार तिला.

राधिका : सांगितलं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात. म्हणाले, आईकडून शिक.

सत्यभामा : तू लोकांले सांगते, ते मले माहीत होतं. एकदा टोकलं असतं तर बरं झालं असतं. माझी चूक आहे ती.

अनिमेष : कसली चूक? बस झालं. राधिका, ऊठ.

राधिका : नाही.

अनिमेष : ऊठ म्हणतो ना. मीनलला मी उचलतो. ऊठ, चल.

राधिका : मनगट सोडा. दुखते.

अनिमेष : दुखू दे. इतना तमाशा कर लिया, आता दुखू दे. चल.

सत्यभामा : अनिमेष, हात सोड तिचा.

अनिमेष : तू मध्ये पडू नको आई.

सत्यभामा : मी मधातच आहे. सोड.

अनिमेष : सरोता खाली ठेव.

सत्यभामा : तू हात सोड, मी सरोता ठेवते. कोयीसकट कैरी फोडते हा, तुले माहीत आहे. माझं वय झालं, हात कापते माझा, कुठं लागंल सांगता येत नाही.

अनिमेष : तू मला मारणार? पोटच्या पोराला?

सत्यभामा : मले नाही माहीत. तू अजून थोडा वेळ धरून ठेव तिले, मंग दोघांलेही समजंल.

राधिका : आई, नको. ठेवा ते. यांचे डोळे बघा.

सत्यभामा : डोळेच पाहून राहिली मी. ओळखीचे आहेत.

अनिमेष : घे. सोडला. झालं समाधान? घे. आणि हे घे.

राधिका : अहो, ती घागर होती.

सत्यभामा : होती. चांगली पक्की भाजलेली, दोन बोटांनी वाजवून आणली होती मी. उद्याची होती, तुझ्या बापाची. एका लाथेत गेली. सुनेनं एक आंबा खाल्ला तर तू तिचा कान फोडला. आता तू त्याची घागर फोडली, तुले काय करू सांग.

अनिमेष : रागात लागला पाय.

सत्यभामा : हव. त्याचाही रागातच लागे. राधिका, खापऱ्या राहू दे, पाय कापंल तुझा. जा, मीनल उठली का पाह्य. आवाजानं दचकली असंल. आन् तू बस इथं खाली. माझ्या उजव्या बाजूले बस.

अनिमेष : उजव्याच बाजूला बसतो मी, नेहमी.

सत्यभामा : नेहमी. तीन-चार वर्षांचा होता तवापासून. आई डाव्या कानानं ऐकत नाही, तुले कोणी शिकवलं नाही, तू आपोआप फिरून इकडं येऊन बोले. मले तेवढंच सुख वाटे. काहून ऐकू येत नाही, काय सांगितलं होतं तुले?

अनिमेष : टायफॉइड झाला होता म्हणून. बाबांनीच सांगितलं.

सत्यभामा : टायफॉइड मले झाला नाही कधी. कंदील होता. लग्नाचं दुसरं वर्ष, भाजीत मीठ राहिलं होतं.

अनिमेष : आई.

सत्यभामा : ऐक आता. पंचवीस वर्षं तू बोलून राहिला, आज मी बोलते. तुझा बाप पडला तो दिवस हाच. अक्तीचा आदला दिवस. तू नऊ वर्षांचा.

अनिमेष : गच्चीवरून पडले. मला माहीत आहे. कठडा नव्हता तेव्हा, अंधारात पाय घसरला.

सत्यभामा : अंधार नव्हता. दिवेलागणीही झाली नव्हती, चांगलं दिसत होतं. मी वर पाणी मारत होती. आंब्याची टोपली त्यानं सकाळीच आणली होती, तीही वरच होती, सावलीत. सहा आंबे, मोजून. तो कामावरून आला, सरळ वर आला आन् टोपली पाहिली. पाच होते.

अनिमेष : पाच.

सत्यभामा : मले म्हणे, सहावा कुठं आहे. अक्तीच्या आधी आंबा कोणी खाल्ला या घरात. माझ्या बापाले पोचायच्या आधी कोणाच्या तोंडात गेला. तवा त्याच्या बापाची घागर राहे ना. तर मी म्हटलं, मी खाल्ला.

अनिमेष : तू खाल्ला होता?

सत्यभामा : नाही.

अनिमेष : मग तू का म्हटलं?

सत्यभामा : तुले माहीत नाही काहून म्हटलं?

अनिमेष : आई.

सत्यभामा : तुझ्या बनियनवर इथं, गळ्यापाशी, पिवळा डाग होता. तू जिन्यात उभा होता आन् हात मागं लपवले होते.

अनिमेष : मी खाल्ला होता. जिन्याखाली बसून. कोय नालीत टाकली मी.

सत्यभामा : मले माहीत होतं.

अनिमेष : मला वाटलं कोणाला कळलं नाही. बाबा गेले त्या सगळ्यात कोणी विचारलंच नाही. मला वाटायचं, मी बाबांचा आंबा आधी खाल्ला म्हणून बाबा गेले. आई, मी हे आजपर्यंत कोणाला बोललो नाही. म्हणून तर मी दरवर्षी. म्हणून काल ती कोय बघितली आणि माझं डोकं...

सत्यभामा : हव. तुझं डोकं. पण लोटा तिच्या कानात बसला. पुढचं ऐक. त्यानं आधी तुले बोलावलं. हसून बोलावलं. खिशातून चार आणे काढले आन् म्हणे, जा बेटा, गोळा खाऊन ये, आरामात ये.

अनिमेष : त्या दिवशी पण दिले होते. लाल गोळा घेतला होता मी.

सत्यभामा : तू खाली पळाला. गल्लीच्या तोंडापर्यंत तुझा पाय वाजला. तेवढं वाजून झालं की तो सुरू करे, नेहमीचं होतं ते. आधी केस धरले. मंग बादली. तोंड धरून बादलीत घातलं माझं, म्हणे धू, तोंड धू, आंब्याचा वास येते. दोनदा घातलं. तिसऱ्यांदा मी त्याच्या हाताले चावली. आयुष्यात पहिल्यांदा चावली, आन् रक्त आलं तोंडात. तो मागं सरला. पुऱ्या गच्चीवर पाणी मारलेलं, मीच मारलं होतं, रोजच्यासारखं. त्याच्या पायात कातडी चप्पल. गेला.

अनिमेष : तू ढकललं का?

सत्यभामा : नाही. हजारदा विचारलं मी स्वतःले. नाही ढकललं. मागच्या गल्लीत पडला, जिथं कोणाचा वावर नव्हता. मी कडेले जाऊन पाहिलं. पाय वाकडा झाला होता, डोक्याखाली ओलं होतं, पण जिता होता. माझ्याकडं पाहून राहिला होता. कण्हत होता. म्हणे, सत्यभामा, हात दे.

अनिमेष : मग तू धावली.

सत्यभामा : मी टोपलीपाशी गेली. पाच आंबे होते. मार खाऊन झाला होता, आंबा खायचा राहिला होता. मी एक उचलला, ओल्या गच्चीवर बसली आन् खाल्ला. सालीसकट चोखला. कोय पांढरी होईपर्यंत. खालून आवाज येत होता. हवा सुटली होती, वाफ निवत आली होती, शेजारच्या अंगणातल्या मोगऱ्याचा वास येत होता. इतकी वर्षं या घरात उन्हाळे काढले, त्या दिवशी मले पहिल्यांदा उन्हाळा लागला. मंग हात धुतले, तोंड धुतलं आन् बोंब मारली.

अनिमेष : किती वेळ?

सत्यभामा : एक आंबा खायले लागते तेवढा. दवाखान्यात डॉक्टर म्हणे, थोडं आधी आणलं असतं तर वाचला असता. सकाळी गेला. अक्तीच्या दिवशी.

अनिमेष : तू मारलं त्यांना.

सत्यभामा : वाचवलं नाही. तुले जे म्हणायचं ते म्हण. ठाण्यात जायचं तर जा, मी साडी बदलून येते संग.

अनिमेष : आणि आंबा? ते आंबा सोडणं? सगळं ढोंग?

सत्यभामा : ढोंग नाही. खरंच सोडला. पण त्याच्यासाठी नाही. भीती वाटे मले. पुन्हा खाल्ला आन् पुन्हा तेवढाच गोड लागला तर मी कशी बाई आहे, असं वाटे. लोक म्हणत, नवऱ्यासाठी सोडला. तू म्हणे. मी म्हणू दिलं. पोट्टा बापाले चांगलं म्हणून राहिला, म्हणू दे, म्हटलं. त्याचं तेवढं बालपण गोड राहू दे. आन् ते गोड राखता राखता मी काय वाढवून ठेवलं, ते आज सहा वाजता दारात दिसलं मले.

अनिमेष : मला काही माहीत नव्हतं. देवाशप्पथ. मी घरी यायचो तेव्हा तू स्वयंपाक करत असायची.

सत्यभामा : कारण तू आरामात यायचा. कधी विचार केला का, तो रोज काहून नाही देत होता पैसे? आठवड्यात कधी एक दिवस, कधी चार दिवस.

अनिमेष : नाही. आई, नको सांगू.

सत्यभामा : उन्हाळ्यात गोळा. पावसाळ्यात भुट्टा, निंबू-मीठ लावून. थंडीत सदर बाजारातली गरम जलेबी. चांगलं चांगलं खाल्लं तू. एका उन्हाळ्यात तर इतके गोळे खाल्ले की तुझी जीभ लालची लालच राहे. मी तुझं तोंड धुऊन देऊ आन् मनात मोजू.

अनिमेष : नको ना.

सत्यभामा : बरं. नाही सांगत. एकच विचारते. काल लोटा उचलला तवा मीनल कुठं होती?

अनिमेष : खेळायला गेली होती.

सत्यभामा : राधिका, तू सांग. ये, बाहेर ये. मीनल कुठं होती?

राधिका : हे पाणी प्यायले ना, त्याच्या आधी. तिला दहाची नोट दिली. म्हणाले, जा बेटा, खाली गाडीवर गोळा खा, सगळे रंग टाकायला सांग. आरामात ये.

अनिमेष : मी मुद्दाम नाही केलं. तिनं बघू नये म्हणून फक्त.

सत्यभामा : त्यालेही तेच वाटत असंल. काही बापाची माया नव्हती असं नाही.

अनिमेष : मीनलला आण. मला तिला बघायचं आहे. एकदा.

राधिका : ती उठली आहे.

अनिमेष : मग बोलाव ना.

राधिका : आतल्या दाराशी उभी आहे. मघाशी तुम्ही घागर फोडली तेव्हाच उठली. अक्तीचे पुतरा-पुतरी, मातीचे बाहुला-बाहुली, आणून दिले होते आईंनी, उद्या त्यांचं लगीन लावायचं म्हणत होती. ते गादीखाली लपवून ठेवले आहेत तिनं. आणि चपला घातल्या आहेत.

अनिमेष : चपला कशाला?

राधिका : पपांचा आवाज आला म्हणते. हात पुढं करून उभी आहे. मी विचारलं काय पाहिजे, तर म्हणते, पैसे दे ना, मी जाते.

सत्यभामा : ऐकलं?

अनिमेष : पाणी दे, आई.

सत्यभामा : माठात आहे. घे हातानं. लोटा तिथंच आहे.

अनिमेष : राधिका, मी... असं नाही होणार आता.

राधिका : खांद्याच्या वेळी पण म्हणाले होते तुम्ही. मी येत नाही. उद्या नाही आणि परवा पण नाही. चिठ्ठी माझ्याजवळ आहे. काय करायचं ते कान बरा झाल्यावर ठरवीन. झाला तर.

अनिमेष : आई, तू सांग तिला काही.

सत्यभामा : मी सांगितलं सकाळीच. वरची खोली झाडून दिली. कठडा आहे आता गच्चीले, तुझ्या पहिल्या पगारात तूच बांधला.

अनिमेष : मी जातो मग.

सत्यभामा : जा. ऊन आहे, डोक्याले दुपट्टा बांध.

अनिमेष : आणि उद्या? बाबांची घागर?

सत्यभामा : कुंभार सकाळपासून बसते गोल बाजारात. नवीन आण आन् तुझ्या घरी भर. तुझा बाप आहे, तुले त्याची आठवण येते, तू भर. काय ठेवायचं ते ठेव. मी पंचवीस वर्षं भरू दिली, आता या घरात नाही भरत. दार हळू ओढून घे.

राधिका : गेले.

सत्यभामा : कडी लाव.

राधिका : लावली, आई.

सत्यभामा : तू येताना पिशवीत काय आणलं होतं, पिवळं दिसत होतं?

राधिका : तेच आंबे. चारातले तीन उरले होते. का उचलले, मलाच कळलं नाही. घरातून दुसरं काहीच घेतलं नाही.

सत्यभामा : धू आन् काप एक. मोठा पाहून काप.

राधिका : अक्ती उद्या आहे, आई.

सत्यभामा : माहीत आहे. मीनलले आण इकडं. सांग तिले, चपला काढ, आज कोणी बाहेर जात नाही.